मटारला आधी वेळ, मग जाळी, औषध सर्वांत शेवटी

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगळ्या तक्रारी आहेत. पेरलेल्या बियांपैकी निम्म्याही उगवल्या नाहीत. उगवलेल्या रोपांचे शेंडे एका रात्रीत कोणीतरी खुडून नेले. आणि जे वेल तगले त्यांच्या शेंगा सोलल्यावर आत अळी आणि तिची विष्ठा निघाली. या सगळ्यावर मिळून तुम्ही एकच विचारलं आहे: फवारू काय?

या तिन्हींपैकी एकावरही फवारणीचा उपयोग झाला नसता. बी मातीखाली कुजलं किंवा उकरून नेलं गेलं, तिथे फवारा पोचत नाही. शेंडा खुडणारा पक्षी असो की गोगलगाय, त्याला कीटकनाशकाचं सोयरसुतक नसतं. आणि अळी तुम्हाला दिसते तेव्हा ती शेंगेच्या आत बसलेली असते. बाहेरून मारलेलं औषध तिच्या अंगाला लागतच नाही. म्हणून औषधाचं मी शेवटी सांगते. मटार वाचतो तो आधी पेरणीच्या वेळेवर आणि मग जाळीवर. ही दोन कामं नीट झाली तर उरलेल्या किडींना तुमची बोटं, पाणी आणि थोडा साबण पुरतो.

वेळेपासून सुरुवात करू. मटार हे थंड हवेचं पीक आहे. बी ४-५ अंश सेल्सिअसलाही हळूहळू रुजतं, वेल १३ ते १८ अंशांत सर्वांत जोमाने वाढतो. दिवसाचं तापमान २५ च्या पुढे रोज जाऊ लागलं की फुलं गळायला लागतात, आणि ३० च्या आसपास शेंगा धरल्या तरी नीट भरत नाहीत. कोवळी रोपं हलकं हिमही सोसतात, फुलं आणि शेंगा मात्र सोसत नाहीत. लवकर येणाऱ्या जातीला पेरणीपासून हिरव्या शेंगांपर्यंत साधारण ६० ते ७० दिवस लागतात, उशिराच्या जातींना तीन महिने किंवा त्याहून जास्त. तेव्हा हिशेब उलटा करायचा. तुमच्याकडे ऊन कधी तापू लागतं ते ठरवा आणि तिथून इतके दिवस मागे या. जिथे हिवाळा सौम्य आहे तिथे थंडीच्या तोंडावर पेरणी होते. जिथे जमीन गोठते तिथे माती मोकळी झाल्या झाल्या.

याचा किडींशी थेट संबंध आहे. मावा, फुलकिडे, लाल कोळी, नागअळी या सगळ्यांच्या पिढ्या ऊब वाढली की भराभर निघतात, आणि नेमका त्याच वेळी मटारचा वेल मात्र दमलेला असतो. उष्ण प्रदेशात हवा पुरती थंड होण्याआधी घाईने पेरलं तर खोडमाशीही गाठते. रोप पिवळं पडून माना टाकतं, खोड उभं चिरलं की आत पोखरलेली नळी आणि बारीक पांढुरकी अळी सापडते. अशा रोपाला वाचवता येत नाही, ते उपटून नष्ट करायचं. थंडी नीट पडल्यावर पेरलेल्या मटारात हा त्रास बराच कमी होतो.

आता न उगवलेल्या बियांबद्दल. पहिलं काम म्हणजे जिथे उगवलं नाही तिथे बोटाने उकरून पाहा. मऊ, वास येणारं बी सापडलं तर ते कुजलं आहे. काहीच सापडलं नाही आणि माती विस्कटलेली दिसली तर उंदीर, खार किंवा पक्ष्याने उचललं आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे ही खात्री केल्याशिवाय पुन्हा पेरू नका.

कुजण्यामागे बहुतेक वेळा थंड, चिखलट माती आणि सुरकुतलेल्या दाण्याची जात अशी जोडी असते. मटारच्या बियांचे दोन प्रकार आहेत, गोल गुळगुळीत आणि सुरकुतलेला. ग्रेगोर मेंडेलने आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी जे सात गुणधर्म निवडले त्यांतला हा एक. सुरकुतलेल्या दाण्यात साखर जास्त आणि पिष्ट कमी, म्हणून तो खायला गोड. पण तीच साखर ओल्या गार मातीत बियांतून पाझरते आणि बुरशीला आमंत्रण देते. गोल दाणा कमी गोड, पण असल्या मातीत जास्त चिवट. तुम्हाला गोडच हवा असेल तर हरकत नाही, फक्त बी थेट मातीत सोडू नका. ओलसर कापडात किंवा कागदात गुंडाळून ठेवा, जराशी मुळी डोकावली की पेरा. मेलेलं बी तिथेच कळतं आणि मातीत बी निष्क्रिय पडून राहण्याचा काळही वाचतो. रात्रंदिवस पाण्यात बुडवून ठेवणं मात्र टाळा. पाण्यात बियांना हवा मिळत नाही आणि ते गुदमरतं. भिजवायचंच तर सहा-आठ तास पुष्कळ झाले.

पेरण्यापूर्वी माती पूर्ण भिजवा, वाफसा आल्यावर (म्हणजे माती ओलसर, पण हाताला न चिकटणारी झाल्यावर) ३-४ सेंटिमीटर खोल बी टाका आणि मग कोंब वर येईपर्यंत पाण्याचा हात आखडता घ्या. माती आतून ओलसर असेल तर वर पाणी लागत नाही. उगवण न झाल्याच्या काळजीने रोज शिंपडलेलं पाणी हेच अनेक कुंड्यांमध्ये बी कुजण्याचं कारण असतं.

उंदीर-खारींसाठी एकच खात्रीचा मार्ग आहे: अर्ध्या सेंटिमीटरच्या छिद्रांची लोखंडी जाळी वाफ्यावर किंवा ट्रेवर दाबून बसवायची आणि कोंब जाळीला टेकायच्या आत काढायची. तिखट, राख, उग्र वासाची तेलं यांवर भरवसा ठेवू नका. पहिल्या पाण्यात ती धुऊन जातात. उंदीर फारच असतील तर कागदाच्या नळ्यांत रोपं तयार करून, ती ७-८ सेंटिमीटरची झाल्यावर नळीसकट लावा. मटारच्या मुळाला धक्का आवडत नाही, म्हणून नळी कागदाची, जी मातीत कुजून जाईल.

मातीचं फार बाऊ करण्यासारखं नाही. सामू (pH) ६ ते ७.५, निचरा उत्तम, कुंडी असेल तर २५-३० सेंटिमीटर खोल. एक गोष्ट मात्र ठासून सांगते: नत्र देऊ नका. मटार मुळांवरच्या गाठींमधल्या रायझोबियम जिवाणूंकडून हवेतलं नत्र मिळवतो. एखादं रोप उपटून गाठ नखाने फोडा; आत गुलाबी-तांबूस रंग दिसला तर काम व्यवस्थित चालू आहे. नव्या मातीत किंवा विकतच्या कुंडीमिश्रणात हे जिवाणू नसण्याची शक्यता असते, तेव्हा मटारसाठीचं रायझोबियम संवर्धक बियांना चोळून सावलीत सुकवून पेरावं. चांगलं कुजलेलं कंपोस्ट मातीत मिसळलं की पुरे. वर युरिया किंवा ताज्या खताचा मारा झाला तर वेल गर्द हिरवा, लुसलुशीत होतो, फुलं उशिरा येतात, आणि मावा तर अशा रसाळ शेंड्यांवरच टपलेला असतो.

आता खुडलेले शेंडे. इथे तुम्ही लिहिलं आहे की ती रोपं उपटून टाकली. पुढच्या वेळी आठवडाभर थांबा. मटार रुजतो तेव्हा त्याच्या डाळिंब्या, म्हणजे बियांच्या दोन फोडी, मातीखालीच राहतात आणि खोडाची खालची एक-दोन पेरंही जमिनीखाली किंवा अगदी लगत असतात. वरचा शेंडा गेला तरी त्या पेरांतून नवा फुटवा येऊ शकतो. घेवड्याचं तसं नसतं. त्याच्या डाळिंब्या वर येतात, आणि त्यांच्या खाली खोड तुटलं की खेळ संपला. मटारला निसर्गाने ही दुसरी संधी दिली आहे, ती आपण हिरावून घेऊ नये.

खुडणारा कोण, हे रोपावरच लिहिलेलं असतं. पक्षी शेंडा ओढून तोडतात, तुकडे आसपास पडलेले असतात आणि काम दिवसा होतं, बहुतेक सकाळी. गोगलगाय रात्री येते, पानं वेडीवाकडी कुरतडते आणि मातीवर किंवा कुंडीच्या कडेला सुकलेला चकचकीत माग सोडते. रोप जमिनीलगत कातरून आडवं पडलं असेल तर शेजारची माती दोन-तीन सेंटिमीटर उकरा. करडी, गुंडाळी करून बसलेली अळी मिळेल. पानांच्या कडांना जणू कात्रीने घेतलेले अर्धगोल चावे दिसत असतील तर तो एक बारीक करडा भुंगा आहे. त्याच्या अळ्या मुळांवरच्या गाठी खातात, पण रोप जोमात असेल तर हे नुकसान ते सोसून पुढे जातं. पानांची ती नक्षी पाहून घाबरून फवारणी करणारे फार जण भेटतात. त्याची गरज नसते.

गोगलगायींसाठी रात्री विजेरी घेऊन वेचणं याला तोड नाही. एक फळी किंवा ओलं पोतं संध्याकाळी वाफ्याजवळ टाकून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करा. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी द्या, म्हणजे रात्री मातीचा वरचा थर कोरडा राहतो आणि त्यांना फिरणं जड जातं. आमिष वापरायचं तर आयर्न फॉस्फेटचं. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. घराच्या बागेत त्या नकोतच.

पक्ष्यांसाठी जाळी. आणि इथे मटारची एक फार मोठी सोय आहे जी बहुतेकांना माहीत नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते. भोपळा, काकडीसारख्या वेलांवर जाळी घातली तर फुलं आल्यावर मधमाश्यांसाठी ती काढावी लागते. मटारला तसं करावं लागत नाही. मटारचं फूल उमलण्याआधीच, कळीच्या आत, त्याचं स्वतःचं परागीभवन होऊन गेलेलं असतं. मेंडेलने मटार निवडण्यामागे हेही एक कारण होतं, कारण बाहेरचे परागकण फुलात शिरण्याची भीती कमी. १८६६ मध्ये छापलेल्या त्याच्या निबंधात दहा हजारांहून अधिक झाडं तपासल्यावर अशी भेसळ अगदी मोजक्या ठिकाणी आढळल्याचं तो लिहितो, आणि त्याचा दोष मटारच्या भुंग्यावर ठेवतो (हा दाण्यात वाढणारा भुंगा, पानं कुरतडणाऱ्या करड्या भुंग्याहून वेगळा). आपल्यासाठी याचा अर्थ इतकाच की मटार पेरणीपासून शेवटच्या तोडणीपर्यंत झाकलेला राहिला तरी एक शेंगही कमी होत नाही.

तेव्हा वाकवलेल्या तारा किंवा काड्यांचा सांगाडा करून त्यावर मच्छरदाणीचं कापड किंवा बागेसाठी मिळणारी बारीक कीटकजाळी घाला. कडा मातीत पुरा किंवा विटांनी दाबा. जाळी वेलाला टेकू देऊ नका. पतंगाची मादी जाळीवर बसून टेकलेल्या शेंड्यावर बाहेरूनच अंडी घालू शकते. फक्त पक्ष्यांसाठी मोठ्या छिद्रांची जाळी लावणार असाल तर ती ताणून बसवा. सैल जाळीत पक्षी आणि सरडे अडकून मरतात.

जाळीची एक बाजू मात्र लक्षात ठेवायला हवी. मावा इतका लहान असतो की मच्छरदाणीतूनही शिरू शकतो, आणि त्याला खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) मात्र बाहेर अडकतो. म्हणजे आत शिरलेल्या दोन-चार माव्यांना रान मोकळं. म्हणून जाळीखालच्या वेलाचे शेंडे दर तीन-चार दिवसांनी उघडून पाहायचेच. मावा वाढलेला दिसला तर फुलोऱ्याआधीच्या दिवसांत जाळी काही काळ उघडी ठेवा, पहिली कळी दिसण्याआधी पुन्हा बंद.

शेंगांमधल्या अळीचं उत्तर यातच आलं. थंड देशांत मटारचा म्हणून एक खास पतंग असतो. त्याची अळी पिवळट पांढरी, काळ्या डोक्याची, पुरती शेंगेच्या आत राहणारी. उष्ण प्रदेशात घाटेअळी आणि शेंगा पोखरणाऱ्या दुसऱ्या अळ्या हेच काम करतात. घाटेअळी शेंगेला ठसठशीत गोल भोक पाडते आणि बरेचदा अर्धं अंग बाहेर ठेवून खाते, त्यामुळे ती हाताने सापडते. बाकीच्या अळ्या इतक्या लहान असताना आत शिरतात की भोक बुजून जातं आणि शेंग बाहेरून निर्दोष दिसते. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे अशीच एखादी असावी. या बहुतेक पतंगांची अंडी शेंगेवर, फुलांवर किंवा कोवळ्या शेंड्यांवर घातली जातात. म्हणून पहिली कळी दिसण्याआधी जाळी बंद असणं महत्त्वाचं. शेंगा दिसल्यावर घातलेली जाळी उशिराची असते, आणि मग ती अळीला आत कोंडून ठेवण्यापलीकडे काही करत नाही.

मटारच्या पतंगाची वर्षात एकच पिढी असते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही आठवडे तो उडतो. थंड देशातल्या वाचकांनी फुलोरा त्या आठवड्यांच्या आधी किंवा नंतर येईल अशी पेरणी केली तर जाळीवाचूनही निभावतं. घाटेअळीच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, कारण तिच्या पिढ्या एकामागून एक येत राहतात आणि तिला मटारच हवा असंही नाही. हरभरा, टोमॅटो, कापूस, तूर, सगळं चालतं.

जाळी शक्य नसेल तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची पावडर. ती अळीच्या पोटात गेली तरच काम करते, लहान अळीवरच नीट चालते आणि उन्हात लवकर निकामी होते. म्हणून कळ्या धरताना पहिली फवारणी, संध्याकाळी, आणि त्यानंतर वेष्टनावर दिलेल्या अंतराने पुन्हा. अळी शेंगेत शिरल्यावर तिचाही उपयोग नाही. भोक पडलेल्या शेंगा तोडून बागेबाहेर न्या, वेलाखाली टाकू नका. या अळ्या कोषात जायला मातीतच उतरतात. हंगाम संपल्यावर माती वरच्या वर परतून उन्हात आणि पक्ष्यांसमोर उघडी ठेवायची ती याचसाठी.

माव्याकडे येऊ. मटारचा मावा हिरवा, इतर माव्यांहून जरा मोठा आणि लांब पायांचा. शेंड्यांवर, कळ्यांवर, पानांच्या खाली दाटीने बसतो. ऊब असताना याच्या माद्यांना नराची गरज पडत नाही. त्या अंडी न घालता थेट पिल्लं देतात, आणि ती पिल्लं आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्लं देऊ लागतात. म्हणून सोमवारी चार दिसलेले मावे पुढच्या आठवड्यात मोजता येत नाहीत. रस शोषणं एवढाच त्याचा उपद्रव नाही. तो विषाणूही पसरवतो. पानं चट्टेपट्ट्यांची, आखडलेली, वेडीवाकडी होऊन रोप खुरटलं असेल तर ते एक रोप काढून टाका, त्यावर इलाज नाही.

पण या माव्याची एक सवय आपल्या कामाची आहे. धोका जाणवला की तो पटकन खाली पडतो. सकाळी वेलाखाली साबणाचं पाणी घातलेलं पसरट ताट धरा आणि वेल हलकेच झटका. बरेचसे मावे त्यातच येतात. उरलेल्यांवर पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून वर. खाली पडलेल्यांपैकी कित्येक परत वेलावर चढू शकत नाहीत. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. लहान बागेत बहुतेक वेळा याने भागतं.

नाही भागलं तर साबण. लिटरभर पाण्यात ५ ते १० मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण, शक्यतो पोटॅशियमचा, बागेसाठी म्हणून मिळणारा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा तीव्र साबण पानं जाळतो. पाणी जड असेल तर साबणाचा साका होतो आणि औषध निरुपयोगी ठरतं. पावसाचं किंवा आरओ यंत्रातलं पाणी घ्या. साबण किड्याच्या अंगावर पडला तरच मारतो, वाळल्यावर त्याचा काही परिणाम उरत नाही, म्हणून पानांची खालची बाजू आणि शेंड्याच्या घड्या भिजल्या पाहिजेत. आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस थांबा. ऊन असताना मारू नका.

फवारण्याआधी शेंडा निरखून पाहा, कारण तिथे तुमचे साथीदारही असू शकतात. काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली, लहानशा मगरीसारखी दिसणारी अळी म्हणजे ढालकिड्याचं पिल्लू, आणि ते मोठ्या ढालकिड्याइतकंच खादाड असतं. दिसायला भीतीदायक म्हणून लोक तिलाच आधी चिरडतात, फार वाईट वाटतं. फुगलेले, तपकिरी, कागदी झालेले मावे दिसले तर त्यांच्या आत गांधीलमाशीच्या कुळातल्या अगदी बारीक माशीची अळी वाढते आहे. अशी पानं मुळीच काढू नका. सिरफिड माशीच्या पायहीन, हिरवट अळ्याही माव्यांच्या घोळक्यात तोंड घालून बसलेल्या असतात. या मंडळींपैकी कोणी हजर असेल तर पाचेक दिवस हात राखा. वेलावर मुंग्यांची रांग असेल तर मात्र आधी ती तोडा, कारण माव्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात.

पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसतात ती नागअळी. अळी पानाच्या दोन थरांमध्ये असते, त्यामुळे वरून मारलेली बहुतेक औषधं वाया जातात. पान उजेडासमोर धरा, रेघेच्या रुंद टोकाला अळी किंवा कोष दिसतो, तो बोटाच्या चिमटीत दाबा. खालची फार पोखरलेली पानं काढून टाका. वरची पानं निरोगी असतील तर शेंगांवर फारसा परिणाम होत नाही.

फुलकिड्यांमुळे शेंगा रुपेरी, खरबरीत, वाकड्या होतात. दाणे तरीही खाण्याजोगे असतात. कोरड्या हवेत आणि तहानलेल्या वेलांवर त्यांचं फावतं, तसंच लाल कोळ्याचं. दोघांनाही पाण्याचा नियमित फवारा आणि मुळाशी पालापाचोळ्याचं आच्छादन सोसत नाही.

भुरी ही कीड नव्हे, बुरशी आहे, पण मटार पिकवणाऱ्या प्रत्येकाची तिच्याशी गाठ पडतेच. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे ठिपके, मग सगळा वेल पांढरा. इतर बहुतेक बुरशींना पान ओलं लागतं, भुरीला लागत नाही. कोरडे उबदार दिवस आणि गार रात्री तिला मानवतात. म्हणून ती हंगामाच्या शेवटी येते, आणि उशिरा पेरलेल्याला जास्त छळते. हेही पुन्हा वेळेचंच गणित झालं. मुळाशी ओल टिकवा, वेलांमध्ये हवा खेळू द्या, आणि पुढच्या वेळी भुरीला प्रतिकारक जात घ्या. पहिले ठिपके दिसताच पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ते ३ ग्रॅम, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. ३० अंशांपुढच्या उन्हात गंधक पानं भाजतं. आणि गंधक व निंबोळी तेल किंवा इतर कोणतंही तेल यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. दोन्ही एकावर एक पडलं तर पानं करपतात. शेवटच्या तोडण्या चालू असताना भुरी आली तर काहीच करू नका. वेलाचं काम तसंही संपत आलेलं असतं.

हवा खेळण्यावरून आधाराचं सांगते. मटारचा तणावा अगदी बारीक असतो, तो जाड बांबूला विळखा घालू शकत नाही. त्याला पेन्सिलीहून बारीक काड्या, सुतळी किंवा जाळी लागते. बुटक्या जातींनाही, ज्या अर्धा-पाऊण मीटरच्या असतात, फांद्या असलेल्या सुक्या काटक्या रोवून द्याव्यात. जमिनीवर लोळणारा वेल म्हणजे गोगलगायींना शिडी आणि शेंगांना कूज. आधार रोप हातभर होण्याआधी लावा, नंतर लावताना मुळं दुखावतात.

निंबोळी तेलाबद्दल तुम्ही वेगळं विचारलं होतं. ते मारक कमी आणि भूक मारणारं, वाढ रोखणारं जास्त आहे. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी मावा जिवंत दिसला की मात्रा वाढवू नका. लिटरला ५ मिलिलिटर, आधी थोड्या साबणात घोटून मग पाण्यात, आणि मारताना सारखं हलवत राहायचं. लहान मावा, कोवळ्या अळ्या, फुलकिडे यांवर बरं. शेंगा तोडणीला आल्यावर नको.

तंबाखूचा काढा अनेक जण आपुलकीने सुचवतात. तो करू नका. निकोटीन हे माणसालाही विषारी आहे, कातडीतून शरीरात जातं, आणि मटारची कोवळी शेंग काही जण सालीसकट खातात. लसूण-मिरचीचा अर्क घातक नाही, पण त्याने आटोक्यात आलेला मावा बहुतेक वेळा पाण्याच्या फवाऱ्यानेही आला असता. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून सगळीकडे पसरणाऱ्या, रासायनिक कीटकनाशकांना तर घरच्या मटारात जागाच नाही. दोन दिवसांआड तोडायच्या शेंगेत ते मुरतं आणि ते वापरल्यावर थांबायचे दिवस पाळायचे ठरवले तर अर्धा हंगाम निघून जातो.

मर आणि मूळकूज यांना औषध नाही, त्यांना जागा बदलणं हाच उपाय. वेल खालून वर पिवळा पडत गेला आणि मूळ तपकिरी-काळं निघालं, तर त्या वाफ्यात किमान चार वर्षं मटार आणि त्याचे शेंगावर्गीय भाऊबंद लावू नका. काही कूज-बुरशी त्याहूनही जास्त वर्षं मातीत टिकतात. कुंडीतली माती सरळ बदला.

तोडणीही संरक्षणाचाच भाग आहे. शेंग भरली, पण तिच्यावरची तकाकी गेली नाही, तेव्हा तोडा; दर दोन दिवसांनी वेल फिरून या. एका हाताने वेल धरून दुसऱ्याने शेंग, नाहीतर वेल मुळासकट हलतो. जून शेंगा राहू दिल्या की वेल नवी फुलं आणणं थांबवतो, आणि त्या शेंगा भुंग्या-अळ्यांचं घर होतात. तोडल्याबरोबर दाण्यातली साखर पिष्टात बदलू लागते, गरम हवेत तर काही तासांत गोडी उतरते. सकाळी तोडा आणि लगेच गार जागी ठेवा.

तुमच्या आताच्या वेलांचं असं करा. अळीच्या शेंगा सगळ्या आजच काढा. अजून फुलं येत असतील आणि थंडीचे तीन-चार आठवडे शिल्लक असतील तर उरलेल्या वेलावर अळी नाही याची खात्री करून जाळी घाला. नसतील तर वेल जमिनीलगत कापून काढा. मूळ निरोगी असेल तर मातीतच राहू द्या, नसेल तर उपटा. बियांसाठी दोन-तीन निरोगी वेल ठेवायचे असतील तर शेंगा वेलावरच पूर्ण वाळू द्या. मटारचा भुंगा अंडी हिरव्या शेंगेवर घालतो आणि त्याची अळी दाण्याच्या आत वाढते, त्यामुळे स्वच्छ दिसणाऱ्या बियांतूनही पुढे भुंगा निघू शकतो. बी दाताखाली कडक लागेपर्यंत सुकवा, हवाबंद डब्यात घालून आठवडाभर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, म्हणजे बियांना ओल धरणार नाही.